आग्रह अंगाशी येतो: बेसमेंटमधल्या एका पार्सन्स शॅमेलिऑनचं पहिलं वर्ष

पार्श्वभूमी

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, मुलगी बारा वर्षांची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवरा माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी स्वतः बरीच वर्षं शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, पाळतोय, आधी येमेनचे व्हेल्ड जातीचे आणि मग मादागास्करचे पँथर जातीचे. त्यामुळे या प्रकरणात मी नुसता सांगणारा नाही. यातली एक मोठी चूक माझ्या खात्यावर आहे, ती पुढे येईलच.

मुलगी आमच्याकडे आली की पँथरच्या पिंजऱ्यासमोर ताट घेऊन जेवायला बसायची. एके दिवशी तिला कळलं की त्याच बेटावर मांजराएवढा शॅमेलिऑन असतो. झालं. पुढचं वर्षभर त्या घरात दुसरा विषय नव्हता.

तो मांजराएवढा म्हणजे पार्सन्स. वजनाने जगातला सगळ्यात मोठा शॅमेलिऑन. नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ६० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि नाकावर दोन बोथट शिंगं मिरवतो. राहतो पूर्व आणि उत्तर मादागास्करच्या दमट जंगलात. स्वभाव एखाद्या निवृत्त मामलेदाराचा. दिवसभर एका फांदीवर बसायचं, एक डोळा पुढे आणि एक मागे फिरवत सगळ्यांवर नजर ठेवायची, आणि गरज नसेल तर हलायचं नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. याला कुंपण गाठायची घाईच नसते. रंगांची आतषबाजी बघायची असेल तर पँथर घ्यावा. पार्सन्स बहुतेक वेळ हिरवा-निळसर असतो आणि त्यातच समाधानी असतो.

खरा प्रश्न काय होता

मित्राने मला विचारलं ते असं: "पिंजरा केवढा लागेल आणि खर्च किती?" हे दोन्ही प्रश्न बरोबर होते, पण पहिले नव्हते.

पहिला प्रश्न आयुष्याचा. नीट सांभाळलेला पार्सन्स दहा वर्षं सहज पार करतो. मुलगी आज बारा वर्षांची, अठराव्या वर्षी कॉलेजला जाणार, आणि होस्टेलच्या खोलीत चार फुटी पिंजरा मावत नाही. म्हणजे प्राणी मुलीचा, पण सांभाळणार आईवडील. हे वहिनींसमोर बोलून झालं पाहिजे, असं मी म्हटलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खातो काय?"

खातो झुरळं. घरातली नव्हेत, दुबिया नावाची दक्षिण अमेरिकेतली. ती उडत नाहीत, गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत आणि गारठ्यात वाढत नाहीत. शिवाय रातकिडे, रेशीमकिडे, हिरवे जाडे हॉर्नवर्म. आणि त्या किड्यांनाही चांगलंचुंगलं खाऊ घालावं लागतं, कारण किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी शॅमेलिऑनच्या पोटात जातं. शुद्ध शाकाहारी घरात झुरळांसाठी गाजर किसायचं, हे पचायला वहिनींना दोन आठवडे लागले. अट ठरली ती अशी: झुरळांचा डबा बेसमेंटच्या जिन्याची पहिली पायरी चढणार नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. बेसमेंट होतं, उन्हाळ्यातही गार. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण पार्सन्सला गारवा लागतो. त्या बेसमेंटमध्ये हिवाळ्यात काय होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय एका शनिवारी अचानक उभा राहिला. मित्र मुलीला घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनात गेला होता. तिथून फोन, मागे गर्दीचा आवाज. "अरे, इथे मेलर्स आहे. चांगला दीड-दोन फूट. किंमत पार्सन्सच्या पाव पण नाही. घेऊ का?"

मेलर्स हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात मोठा शॅमेलिऑन, टांझानिया, मलावी, मोझांबिक भागातला. दिसायला राजबिंडा. पण बाजारात येतो तो बहुतेक वेळा जंगलातून पकडलेला. महिनोन्महिने तहानलेला, पोटात जंत, आणि माणूस दिसला की धसका घेणारा. मी म्हटलं, फोटो पाठव. फोटोत त्याच्या अंगावर गडद ठिपके होते आणि भर दुपारी एक डोळा मिटलेला होता. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला म्हणजे तो बरा नाही, याला माझ्या माहितीत अपवाद नाही. शिवाय ती मादी असावी असं मला वाटलं, म्हणजे पोटात अंडी असण्याची शक्यता वेगळी. मी नको म्हटलं. मुलगी गाडीत रडली. तो प्राणी आपण घेतला नाही म्हणून त्याचं काय झालं असेल, हा प्रश्न तिने मला नंतर विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय ऊस्तालेचा शॅमेलिऑन. हाही मादागास्करचाच, लांबीत पार्सन्सच्या बरोबरीचा, अंगाने सडपातळ. बेटाच्या कोरड्या पश्चिम भागातही राहतो, ऊन सोसतो, माणसाच्या वस्तीजवळ टिकतो. इतका चिवट, की फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेला सुटून गेलेल्या प्राण्यांची वस्तीच झाली आहे. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू मिळालं तर पार्सन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त. कागदावर हाच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा होता.

तिसरा, आधी एक पँथर पाळून हात बसवायचा आणि मग मोठ्याकडे वळायचं. हे मी सुचवलं. मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी श्रीखंड मागणाऱ्याला चक्का देऊ करत होतो.

चौथा, पिंजऱ्यात जन्मलेलं पार्सन्सचं पिल्लू. मादागास्करच्या शॅमेलिऑनची निर्यात १९९५ मध्ये चार जाती वगळता थांबवली गेली. त्या चारांत पँथर आणि ऊस्तालेचा होते, पार्सन्स नव्हता. त्यामुळे अमेरिकेत आज हौशी लोकांकडे दिसणारे पार्सन्स बरेचसे इथेच पैदास झालेले. आणि पैदास म्हणजे काय, तर अंडी फुटायला दीड-दोन वर्षंही लागतात. मादी प्रौढ व्हायला आणखी काही वर्षं. किंमत त्यामुळेच.

निर्णय चौथ्यावर गेला. तर्कापेक्षा मुलीचा हट्ट मोठा ठरला, हे मान्य करायला हरकत नाही. नर घ्यायचा, एवढं मात्र मी लावून धरलं. मादी नराशिवायही अंडी घालू शकते, तिला मातीची कुंडी लागते, अंडी अडकली तर ऑपरेशन. पहिल्याच खेपेला ते नको.

काय केलं

मे महिन्यात साधारण दहा महिन्यांचा नर आणला. विकणाऱ्याने अंडं फुटल्याची तारीख, आईवडिलांचे फोटो आणि वजनाची नोंदवही दिली. अशी वही न देणाऱ्याकडून हा प्राणी घेऊ नये असं माझं मत आहे. घरी आला तेव्हा वजन ७२ ग्रॅम. मुलीने नाव ठेवलं तात्या. का, तर तिच्या पुण्याच्या तात्याआजोबांसारखा तो बोलणाऱ्याकडे एकच डोळा वळवतो.

पिंजरा चार फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच, चारी बाजूंनी जाळीचा. मनगटाएवढ्या जाड फांद्या आडव्या बांधल्या, कारण याचे चिमट्यासारखे पाय बारीक काटकीवर नीट बसत नाहीत. झाडं म्हणून मनी प्लांट आणि शेफ्लेरा. वरती यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, लांब ट्यूब. शेकायची जागा २९ अंश सेल्सियस, बाकी पिंजरा २२ ते २५, रात्री १६ ते १८. पाण्यासाठी वेळ लावलेली मिस्टिंगची, म्हणजे बारीक फवाऱ्याची, यंत्रणा.

पहिल्याच आठवड्यात कार्पेट बुडालं. यंत्रणा रोज चार-पाच लिटर पाणी फवारत होती आणि ते जाणार कुठे याचा विचार कुणी केला नव्हता. पिंजऱ्याखालचा ट्रे भरला, वाहिला, आणि वहिनींना ते सकाळी कपडे धुवायला उतरल्यावर अनवाणी पायांना कळलं. मग उतरता ट्रे, पाइप आणि बादली. पार्सन्स ठेवायचा म्हणजे आधी गटाराची सोय करायची, हे मी आता सगळ्यांना पहिल्या वाक्यात सांगतो.

तात्यांचं पाणी पिणं बघण्यासारखं असतं. फवारा सुरू झाला की पहिली पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही. अंगावरून थेंब ओघळतात, डोळे गोल गोल फिरून स्वतःला धुऊन घेतात. मग मान हळूच वर होते, नाकाच्या शिंगांमधून थेंब ओठांवर येतो आणि जबडा एकदा मिटल्यासारखा हलतो. मग थांबणं. मग परत एकदा. फवारा तीन मिनिटांत बंद केला तर हा प्राणी तहानलेलाच राहतो, कारण त्याचं अजून ठरत असतं प्यायचं की नाही ते.

ऑक्टोबरपर्यंत सगळं उत्तम. वजन १६४ ग्रॅम. किचनच्या काट्यावर फांदी ठेवायची, तात्या त्यावर, आकडा वहीत.

पहिला हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर तात्यांनी जेवण सोडलं. एक दिवसाआड चार-पाच किडे खाणारा प्राणी आठवड्याला एक, तोही उपकार केल्यासारखा. दिवसभर एकाच फांदीवर.

मित्राचा फोन आला आणि इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, "बेसमेंट गार पडलं असेल. शेकायचा दिवा वाढव, रात्री पण थोडी ऊब दे." माझे व्हेल्ड येमेनचे, उष्णता मागणारे. वर्षानुवर्षांच्या त्या सवयीने मी उत्तर दिलं. पार्सन्स थंडीच्या दिवसांत मंदावतो, खाणं कमी करतो, आठवडेच्या आठवडे जवळजवळ झोपल्यासारखा बसतो, हे मला वाचून माहीत होतं. वाचलेलं ऐनवेळी आठवलं नाही.

मित्राने माझं ऐकलं आणि वर स्वतःची भर घातली. शेकायची जागा ३५ अंशांवर नेली. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर लावला, त्यामुळे रात्रही २४ अंशांची झाली. आणि रोज चिमट्याने तोंडासमोर हॉर्नवर्म. आपल्या घरांत पाहुणा नको म्हणाला की अजून एक पोळी वाढायची पद्धत आहे. तात्यांनाही तीच वागणूक मिळाली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी स्वतः गेलो. तात्या फिकट पडलेले, तोंड अर्धवट उघडं, म्हणजे अंग तापलंय. डोळ्यांचे बुरूज किंचित आत गेलेले. शीबरोबर येणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग, जो खडूसारखा पांढरा हवा, तो टोकापर्यंत नारिंगी. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर बघितला: २३ टक्के. घरची हीटिंग सुरू होऊन महिना झाला होता आणि घर तापवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, त्याच बेसमेंटमध्ये, पिंजऱ्यापासून बारा फुटांवर. जाळीचा पिंजरा तिकडची कोरडी हवा दिवसरात्र ओढत होता. वजन १५१.

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. जेवण कमी होणं हे ऋतूचं, त्यात काळजीचं काही नव्हतं. पाणी कमी पडणं हे आमचं, आणि ते गंभीर होतं. पहिल्या गोष्टीवर इलाज करायला जाऊन आम्ही दुसरी वाढवली.

निर्णयाचे क्षण

त्या रविवारी बेसमेंटच्या पायऱ्यांवर बसून तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

डॉक्टर, की आधी घरीच दुरुस्ती? मित्र म्हणाला दोन दिवस बघू. मी नको म्हटलं. शॅमेलिऑन आजार लपवतो. दिसायला लागला म्हणजे बराच उशीर झालेला असतो. सोमवारी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे नेला. नेहमीच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे नेऊन उपयोग नव्हता, आणि हा डॉक्टर गाडीने सव्वा तासावर होता. तो पत्ता आम्ही मे महिन्यातच शोधून ठेवायला हवा होता. त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं, शी तपासली, त्यात जंत सापडले नाहीत.

बळजबरीने खाऊ घालायचं का? डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. अंगात पाणी नसताना पोटात प्रथिनं घातली की युरिक अॅसिड वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि जास्त खाऊन गाउट, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणारा आजार, झालेले मोठे शॅमेलिऑन त्यांनी पाहिले होते. आधी पाणी, जेवण त्याच्या मर्जीने.

तिसरा निर्णय प्राण्याचा नव्हताच. अठरा डिसेंबरची पुण्याची तिकिटं होती, घरातलं लग्न. वहिनी म्हणाल्या, "सरड्यासाठी तुम्ही माझ्या भाचीच्या लग्नाला येणार नाही?" मित्र काही बोलला नाही. शेवटी तो दोन आठवडे मागे राहिला आणि थेट लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला. उरलेले दिवस मी रोज संध्याकाळी जात होतो. या प्रसंगाचा उल्लेख त्या घरात अजून होतो.

पिंजऱ्यात केलेले बदल साधे होते. रात्रीचा हीटर काढला. शेकायची जागा परत २९, तीही दिवसातून थोडेच तास. पिंजऱ्याच्या तीन बाजू पांढऱ्या पीव्हीसीच्या पत्र्यांनी बंद केल्या, वरची जाळी आणि समोरचा खालचा भाग हवेसाठी मोकळा. दिवे मालवल्यावर गार धुक्याचा ह्युमिडिफायर, म्हणजे रात्री आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि दिवसा पिंजरा वाळायला वेळ. त्याच्या जंगलातही रात्री धुक्याच्या असतात. पहाटे दिवे लागण्याआधी एक लांब फवारा आणि संध्याकाळी एक. किड्याचा डबा आठवड्यातून एकदाच समोर ठेवायचा, खाल्लं तर खाल्लं.

परिणाम

युरेट पांढरं व्हायला दहा दिवस लागले. भूक परत यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. मधल्या काळात वजन १४८ ते १५२ मध्ये फिरत राहिलं आणि दर रविवारी मित्राचा मला तोच मेसेज: "१४९. काही करू का?" माझं तेच उत्तर: "पाणी बघ. बाकी हात खिशात."

मार्चमध्ये तात्यांनी एका बैठकीत सात दुबिया खाल्ल्या. जून संपताना वजन २३० ग्रॅम. खर्चाचं म्हणाल तर पिंजरा, दिवे, पाण्याची यंत्रणा, पत्रे आणि डॉक्टर मिळून प्राण्याच्या किमतीच्या पुढे गेला. कार्पेट त्यात धरलेलं नाही.

आज काय वेगळं केलं असतं

ऊस्तालेचा घ्या म्हणून मी अजून जोर लावला असता. घरातला पहिलाच शॅमेलिऑन पार्सन्स असावा, असं मला आजही वाटत नाही. हे प्रकरण निभावलं, कारण डॉक्टर मिळाला आणि मी पाऊण तासाच्या अंतरावर होतो.

प्राणी आणण्याआधी महिनाभर रिकामा पिंजरा चालवून बघितला असता, फवारे, दिवे, सगळं. कार्पेट वाचलं असतं. फर्नेसचा परिणाम मे महिन्यात कळला नसता हे खरं, पण फर्नेस कुठे आहे एवढं तरी विचारता आलं असतं.

युरेटचा रंग वजनाच्या शेजारी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला असता. वजन उतरलं तर प्राणी मंदावलाय की वाळलाय हे कळत नाही. रंग बघितला की कळतं.

आणि स्वतःपुरतं: एका जातीचा अनुभव दुसऱ्या जातीला फोनवरून चिकटवायचा नाही. पाच मिनिटं थांबून वाचायचं.

पुण्याहून मित्राच्या मेहुण्याने फोटो बघून "मला पण एक" असा मेसेज केला होता, म्हणून थोडं त्याबद्दल. आपल्याकडचा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. आणि कागदपत्रं बाजूला ठेवली, तरी पुण्याचा एप्रिल-मे तात्यांना सोसणार नाही. बेसमेंटमध्ये ३५ अंशांत काय झालं ते आम्ही बघितलंय. मेहुण्याला कोकणात पावसाळ्यात जाऊन घोयरा फांदीवरच बघ, असं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, फोन आला.

"तात्या जेवत नाहीयेत."

"युरेट?"

"पांढरं."

"रात्रीची आर्द्रता?"

"पंच्याऐंशी."

"मग?"

"मग काही नाही. म्हटलं तुला सांगावं."